कार्लचं गोत आणि माझं मोडीत निघालेलं नाव

मुलगी होणार आणि तिचं नाव शार्लट ठेवणार, या दोन्ही बातम्या लेकीने मला एकाच फेरीत, गाडी चालवता चालवता दिल्या. टार्निट स्टेशनपासून आमच्या घरापर्यंत पाच राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, लागतात. तिसऱ्यावर मुलगी झाली, चौथ्यावर शार्लट. पाचव्यावर मी म्हटलं, "छान आहे हो."

"आई, तो टोन नको."

"कुठला टोन?"

"तोच. भाजीवालीने भाव सांगितल्यावर म्हणायचीस तो."

"छानला छान म्हटलं. आता गाडीत नाचू का?"

तिने इंडिकेटर दिला आणि विषय संपवला. ही सवय तिने इथे परदेशात येऊन लावून घेतली आहे. आमच्या पिढीला विषय संपवता येत नसत, फक्त लांबणीवर टाकता येत.

या मजकुरात एवढं एकच नाव येईल, ते आणि त्याचं गणगोत. बाकी कुणाचं नाव मी लिहिणार नाही. लेकीचं म्हणणं, हल्ली असं काही छापायला देताना घरच्यांची नावं घालू नयेत. माझं कारण वेगळं आहे. ज्या नावापायी मी गेल्या वर्षी एवढं कारस्थान रचलं, ते असं कागदावर फुकटात ठेवून द्यायला माझं मन होत नाही. चाळीस वर्षं त्याला कुणी विचारलं नाही, आता थोडा भाव खाऊ दे.

तर, नातीचं नाव मला दुसरंच हवं होतं. माझं. म्हणजे पासपोर्टवर आहे ते नव्हे. ते माझ्या नवऱ्याने लग्नात ठेवलेलं. त्याच्या आधी बावीस वर्षं ज्या नावाने मी शाळेत पट्ट्या खाल्ल्या, कॉलेजात बक्षिसं घेतली आणि घरात बोलणी खाल्ली, ते.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे लग्न लागलं की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्या मुलाने सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं. मग सगळ्यांना पेढे. जुनं नाव कुठे जातं हे कुणी विचारत नाही. तांदूळ मात्र जपून ठेवतात, त्यांचा नंतर भात होतो.

त्या ताटासमोर बसलेली बावीस वर्षांची बाई मला आज भेटली तर मी तिला चहासुद्धा विचारणार नाही. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. वक्तृत्वस्पर्धेत 'स्त्री आणि स्वातंत्र्य' या विषयावर दुसरं बक्षीस मिळवलेली. आणि तांदळात तीन अक्षरं उमटल्याबरोबर ही लाजून चूर! नवऱ्याने हळूच विचारलं, "आवडलं ना?" तर म्हणाली, "तुम्ही ठेवाल ते." पहिलं बक्षीस का मिळालं नव्हतं, ते आता माझ्या लक्षात येतं.

बरं, एवढ्यावर थांबली असती तर लहान वय म्हणून सोडून दिलं असतं. पण पुढचा महिनाभर तिने नवी सही घोटली. पहिलीतलं पोर शुद्धलेखन काढतं तशी, वहीची मागची पानं भरभरून. जुन्या सहीतलं काही राहिलं असेल तर नावाखालची रेघ आणि रेघेखालची दोन टिंबं. तेवढं नवऱ्याच्या नजरेतून सुटलं असावं.

जुनं नाव त्यानंतर माहेरी राहिलं. आई हाक मारायची, दोन मैत्रिणी मारायच्या, थोरला भाऊ मारायचा. मैत्रिणी पांगल्या, आई गेली. भाऊ मात्र नाशिकहून दर रविवारी फोन करायचा आणि पहिला शब्द तोच असायचा. हॅलो वगैरे नाही, थेट नाव, तेही रागावल्यासारखं. तीन वर्षांपूर्वी तो गेला. मी इथे टार्निटला बसून त्याचं सुतक पाळलं. काही महिन्यांनी, एका रविवारी भांडी घासताना, ध्यानात आलं की त्या नावाने हाक मारणारं पृथ्वीवर आता कुणी उरलेलं नाही. नावाचं सुतक किती दिवस असतं, ते पंचांगात दिलेलं नाही.

आता हे सगळं लेकीला सरळ सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे मागायचं, आणि मागणं माझ्या स्वभावात नाही. माझ्या स्वभावात कारस्थान आहे.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी मोठ्या मनाने जाहीर केलं, "नाव तुम्हाला हवं ते ठेवा. माझी एकच अट. बारसं रीतसर झालं पाहिजे."

जावई खूश झाला. तो मूळचा अॅडलेडच्या पलीकडचा, द्राक्षांच्या गावातला. त्याचे पूर्वज जर्मनीतून बोटीने आले होते. मला 'आई' म्हणतो, आणि ते म्हणताना पाय मुरगळल्यासारखा आवाज येतो. "एवढंच ना, आई? नो वरीज," तो म्हणाला.

लेक मात्र माझ्याकडे संशयाने बघत राहिली. तिला मी जन्म दिलेला आहे.

माझा बेत असा होता. बारशाला बाळाच्या कानात एकच नाव सांगत नाहीत. कुलदेवतेवरून एक, नक्षत्रावरून एक, एखादं महिन्यावरून आणि शेवटी व्यवहारातलं, अशी तीनचार सांगतात. या गर्दीत एक माझं घुसवून द्यायचं. शार्लट राहील दाखल्यावर, पण एकदा तरी, कुणाच्या तरी कानात, ते नाव उच्चारलं जाईल. माझी मागणी बघा किती छोटी होती. छोट्या मागण्यांना मोठी कारस्थानं लागतात.

यथावकाश नात झाली. तिचं नाक जावयाचं आणि कपाळावरची आठी माझी. बाराव्या दिवशी बुधवार येत होता आणि बुधवारी इथे देव आला तरी कुणी सुट्टी घेत नाही. म्हणून बारसं बाविसाव्या दिवशी, शनिवारी ठरलं. मी आमच्या योगाच्या ग्रुपमधल्या बायकांना आमंत्रण दिलं. सगळ्या माझ्या लेकीच्या वयाच्या, पुण्या-मुंबईच्या, कुणी आयटीतल्या, कुणी नर्सिंगमधल्या.

"काकू, सगळं पद्धतशीर? वरवंटा पण?"

"वरवंटाही. बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात. मिळत नाहीये, लसूण कुटायच्या खलातला बत्ता घेणार आहे. त्याला टोपडं घातलं की कळत नाही."

"आणि कानात नाव कोण सांगणार?"

"आत्या. आत्याच सांगते ना नेहमी," मी ठसक्यात म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांतली एक, जरा फटकळ, म्हणाली, "आत्या म्हणजे तुमच्या जावयाची बहीण? ती ट्रकवाली?"

"ती."

"अय्या! म्हणजे काकू, रीतसर म्हटलं तर तुमचा काही संबंधच नाही! नाव त्यांच्याकडचं, सांगणारी त्यांच्याकडची. आईकडच्या आजीने फक्त घुगऱ्या शिजवायच्या."

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण न हसणं अधिक महाग पडलं असतं. पण घरी येईपर्यंत मला माझी आई दिसत होती.

माझ्या लेकीच्या बारशाला आईने दबक्या आवाजात एक नाव सुचवलं होतं. तिच्या मनात बरेच दिवस असावं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, चार वर्षं मुरलेली सून. मी म्हटलं, "आई, नाव आत्या ठेवते. तुला रीत माहीत नाही का?" अगदी याच ठसक्यात. आईने घुगऱ्यांच्या पातेल्यातला एक हरभरा तोंडात टाकला आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय." मी त्या वेळी मीठ घालायला उठलेसुद्धा. केवढी कर्तव्यदक्ष होते मी! तिने कुणाचं नाव सुचवलं होतं, कुठून आणलं होतं, काही विचारलं नाही. आज ते मला आठवतही नाही.

रीत म्हणजे रीत. मी स्वतः आग्रह धरून किल्ली दुसऱ्याच्या हातात दिली होती.

बारशाच्या आठवडाभर आधी विहीणबाई आल्या. माझ्याच वयाची उंच, हाडापेराने मजबूत बाई, पांढरे केस कानापर्यंत कापलेले. गावच्या पोस्टात तीस वर्षं काउंटरवर काढलेली. माझं पासपोर्टवरचं नाव तिच्या जिभेला झेपत नाही, म्हणून पहिल्या दिवसापासून मी 'लव्ह'. त्यात फुलून जाण्यासारखं काही नाही, ती प्लंबरलाही लव्ह म्हणते. ती बोलते इंग्रजीत, तेही अर्धे शब्द गिळून. मी लिहितेय मराठीत. तेव्हा ती माझ्याहून हुशार वाटली तर दोष माझ्या भाषांतराचा.

तिने येताना एक झेरॉक्स आणली होती. तिच्या सासरच्या जुन्या जर्मन बायबलच्या पहिल्या पानाची. त्या पानावर घरातल्या सगळ्या जन्मांची नोंद. मटार सोलत आम्ही दोघी डायनिंग टेबलाशी बसलो आणि लेक बाळाला खांद्यावर थोपटत फेऱ्या घालत होती.

"हा बघ, बोटीतून आलेला कार्ल," विहीणबाई म्हणाली. "त्याचा मुलगा कार्ल. नातू कार्ल."

"तुमच्याकडे नावांचा दुष्काळ होता का?"

"होता. शिवाय पावसाचाही. हा चौथा बघ. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव म्हटलं की शेजारी थुंकायचे, म्हणून याचा एका दिवसात चार्ल्स झाला. त्याचा मुलगा माझा नवरा, चार्ली. आणि बायकांच्या बाजूला कारोलिना, लोट्टं, कॅरल. सगळ्या याच नावाच्या लेकी."

"लोट्टं?" मी विचारलं. "ती कशी काय कार्लची लेक?"

लेक फेरी घालता घालता थांबली. तिने गरोदरपणात या नावावर इतकं वाचलं होतं की तेवढ्यात एखादी पदवी मिळाली असती. "अगं, फ्रान्समध्ये कार्लचा शार्ल झाला. शार्लची छोटी ती शार्लट. शार्लटचं पुढचं गळालं की लोट्टं. इटलीत कार्लो, स्पेनमध्ये कार्लोस, हॉलंडमध्ये कारेल. लॅटिनमधून कॅरोलाइन. आणि अमेरिकेत चक."

"चक? हे कुठल्या अंगाने कार्ल?"

"ते मलाही कळलेलं नाही."

"आणि अर्थ काय या सगळ्या खटाल्याचा?"

लेक जरा घुटमळली. "जुन्या जर्मन भाषांमध्ये कार्ल म्हणजे माणूस. साधा माणूस. सरदार नाही, पण गुलामही नाही. मोकळा."

"म्हणजे बाप्या," मी म्हटलं. "माझ्या नातीचं नाव तुम्ही बाप्या ठेवताय."

"आई!"

विहीणबाईला भाषांतर करून सांगितलं तर ती इतकी हसली की मटार जमिनीवर गेले. मग तिने सांगितलं, तिचा आजेसासरा शेतातल्या कुणालाही असंच काहीसं म्हणायचा, 'केर्ल', म्हणजे काय रे गड्या. मला ते एकदम पटलं. आपल्याकडेही गडी म्हणजे रांगडा पुरुष, गडी म्हणजे खेळातला जोडीदार आणि गडी म्हणजे पाणी भरणारा नोकर. बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. कार्लचंही तेच झालं म्हणे. इंग्रजांकडे तोच शब्द घसरत घसरत गावंढळ, उर्मट माणसासाठी शिवी झाला. आणि कुठल्याशा जुन्या बलाढ्य सम्राटाने हे नाव लावलं, तर पोलंडपासून हंगेरीपर्यंत लोकांनी 'राजा' या शब्दालाच त्याचं नाव देऊन टाकलं. एक भाऊ राजवाड्यात, एक शिवीत, आणि दोघांचा बाप शेतावरचा साधा माणूस.

मी वरवर टवाळी करत होते, पण आतून माझा जळफळाट होत होता. हे नाव हजार वर्षं देशोदेशी हिंडलं. प्रत्येक गावात कुणी त्याचं शेपूट कापलं, कुणी डोकं, कुणी लुगडं नेसवलं, आणि तरीही ते जिवंत. बोटीत बसलं, युद्धात वेश बदलला आणि आता माझ्या लेकीच्या खांद्यावर ढेकर देत होतं. आणि माझं नाव? एका पेठेतून शेजारच्या पेठेत जाताना मेलं. रिक्षाने दहा मिनिटांचं अंतर.

आत्याबाई शुक्रवारी आल्या. जावयाची थोरली बहीण, अविवाहित. अॅडलेडहून पर्थपर्यंत ट्रक नेते. हात असे की एका हातात पाळणा आणि दुसऱ्या हातात मला उचलेल. मनाने मात्र लोणी. स्वयंपाकघरात मी तिची शिकवणी घेतली. बाळाच्या कानाशी जायचं, नाव सांगायचं, मग मोठ्याने 'कुर्रर' करायचं, आणि मग बायका तुझ्या पाठीत धपाटे घालणार.

"का? मी काय केलं?"

"काही नाही. रीत आहे."

"हे कायद्यात बसतं का?"

"टार्निटमध्ये बसतं."

ती 'कुर्रर' इतकं झकास करत होती की इंजिन चालू झाल्यासारखं वाटे. मग मी गळाला आमिष लावलं. "आता नावं. एक शार्लट. आणि आणखी एक सांगायचं असतं. हे." मी फ्रिजवरच्या यादीचा कागद फाडून त्याच्या पाठीमागे इंग्रजी अक्षरांत माझं नाव लिहिलं.

तिने ते तीनदा म्हणून बघितलं. तिन्ही वेळा वेगळं. "कुणाचं आहे हे?"

"देवीचं."

"कुठल्या?"

"आमच्या घरातल्या."

"काय करते ही देवी?"

"आता काही करत नाही," मी म्हटलं. "बरीच वर्षं बसूनच आहे."

विहीणबाई खिडकीशी मोबाईलवर शब्दकोडं सोडवत होती. ती उठली, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि कागद हातात धरला. पोस्टाच्या काउंटरवर धरत असेल तसा, जरा लांब.

"लव्ह," ती म्हणाली, "देवीच्या नावाखाली रेघ ओढून दोन टिंबं कोण देतं?"

मी उगाच ओटा पुसायला घेतला.

"तीस वर्षं मी सह्या बघितल्यात. खऱ्या, खोट्या, नवऱ्याने बायकोच्या केलेल्या. ही सही आहे. न थांबता केलेली. तुझी आहे ना?"

चाळीस वर्षांत माझ्या नवऱ्याला, सासरच्यांना, लेकीला जे दिसलं नाही ते या बाईने मराठीचा गंध नसताना फ्रिजच्या कागदावर पकडलं. मग सांगावंच लागलं. तांदूळ, अंगठी, भावाचे रविवारचे फोन, सगळं. माझं इंग्रजी अशा वेळी फार उघडं पडतं. साधे साधे शब्द येतात आणि लपायला जागा राहत नाही.

आत्याचे डोळे भरले. "सांगते ना मी," ती म्हणाली. "शार्लट आणि हे. त्यात काय? नो वरीज."

बघा! एवढी उलाढाल, आणि समोरून दोन शब्दांत मंजूर. मी हात पुढे करणार, तेवढ्यात विहीणबाई म्हणाली, "थांब जरा. तुम्ही लोक नाव कुणाला, कधी देता ते मला माहीत नाही. आमच्याकडे आधीचा माणूस गेला की त्याचं नाव पुढच्याला देतात." तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तू गेलीस का?"

"अजून नाही."

"मग? ती पोर तीन आठवड्यांची आहे, तिला आमचं अख्खं गोत मिळालंय. तिला तुझं कशाला? तुझं तू वापर की."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? त्यांना तुझं आत्ताचं तरी कुठे म्हणता येतंय?"

यावर मी रागावले. चांगली तासभर रागावले. शेवटी आत्यानेच तोडगा काढला. शार्लट सांगून झालं की ती माझ्याकडे बघेल. मी मान डोलावली तर दुसरं नाव सांगेल, नाही तर थेट 'कुर्रर'.

शनिवारी बारसं झालं. सगळ्या नटून आल्या होत्या. बत्त्याला टोपडं घालून आधी पाळण्यात निजवला, तेव्हा जावयाच्या मित्रांनी त्याचे फोटो काढले. त्यांना तेच मुख्य बाळ वाटलं असावं. मग खरं बाळ आलं. आत्या ट्रकखाली वाकावं तशी पाळण्यात वाकली, कानाशी काही पुटपुटली आणि तशीच वाकलेली मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं.

फार तर तीन क्षण गेले असतील. बायका मुठी वळून तयार होत्या. मी नातीकडे बघितलं. तिने डोळे उघडले होते आणि कपाळाला आठी घालून ती छताकडे बघत होती. ती आठी माझी आहे, मला तिचा अर्थ कळतो: मला कुणी विचारलंय का? आणि मला दिसलं की मी पुन्हा ते तांदळाचं ताटच मांडून बसले आहे. फक्त या खेपेला अंगठी माझ्या बोटात आहे, आणि मी मुलीला 'आवडलं ना?' एवढंसुद्धा विचारत नाहीये. माझा नवरा निदान विचारण्याचं नाटक करून गेला.

मी मान हलवली. नाही.

आत्या जराशी थांबली. मी पुन्हा हलवली. मग तिने असा काही 'कुर्रर' केला की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला, आणि टार्निटच्या समस्त महाराष्ट्राने तिच्या पाठीत धपाटे घातले. तिला काही झालं नाही. फटकळ बाईच्या मनगटाला मात्र संध्याकाळी बर्फ लावावा लागला.

मी उदात्त वगैरे झाले असं कुणी समजू नये. पुढे दोन दिवस मी स्वतःवर चिडून होते. मान डोलावली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात येऊन पोळ्या जाड होत होत्या.

लेक हुशार. रविवारी बाळाला पाजताना तिने विचारलं, "काल आत्या तुझ्याकडे का बघत होती?"

आता लपवण्यात मजा राहिली नव्हती. मी सांगितलं. ती बराच वेळ बाळाच्या पायाशी खेळत राहिली.

"मला माहीत आहे तुझं ते नाव," ती म्हणाली. "तुझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर बघितलं होतं, सातवीत असताना. मला वाटलं तुला आवडत नसेल."

"तू विचारलं नाहीस."

"तू सांगितलं नाहीस. आई, आपल्या घरात विचारायची पद्धत तरी होती का? मला वाटायचं बायकांचं तसंच असतं. दुधाचे दात पडतात तसं."

"मग माझं नाव तू कधीच उच्चारलं नाहीस?"

"मी तुला आई म्हणते ना," ती वैतागून म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हणू का?"

"नको," मी म्हटलं. "लेकीने आईला नावाने हाक मारायची नाही. रीत आहे." आणि आम्ही दोघी अशा हसलो की बाळ दूध सोडून रडायला लागलं.

मंगळवारी विहीणबाई परत जायची होती. सोमवारी सकाळी आम्ही दोघी सामान आणायला गेलो. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ती ट्रॉली परत लावायला थांबली आणि मी नेहमीसारखी भलत्याच दिशेने गाडी शोधत निघाले. इथल्या सगळ्या गाड्या पांढऱ्या असतात. मागे कुणी तरी काही ओरडलं. मी लक्ष दिलं नाही. पुन्हा ओरडलं, या वेळी जरा वेगळं. पार्किंगमध्ये लोक मुलांना, कुत्र्यांना, नवऱ्यांना हाका मारतच असतात. कोण मेलं एवढं गळा काढतंय, असं पुटपुटत मी पुढे चालत राहिले.

तिसऱ्या हाकेला पाय थांबले. डोक्याला अजून काही कळलं नव्हतं, पायांना कळलं. उच्चार साफ चुकीचा होता. पहिलं अक्षर लांबवलेलं, मधलं गिळलेलं आणि शेवटचं फक्त इथल्या बायकांना जमतं तसं वर उचललेलं. कार्लचा चक होतो तेव्हा कार्लला कसं वाटत असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

विहीणबाई दोन रांगा पलीकडे गाडीच्या दाराशी उभी होती, कोपर टपावर टेकवून.

"बहिरी झालीस का गं?" ती ओरडली.

"नाही," मी ओरडून सांगितलं. "सवय गेलीय."

"मग पुन्हा मारू का?"

दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत मी पार्किंगच्या मधोमध उभी राहिले. एक गाडी माझ्यासाठी थांबली होती, आतला माणूस हाताने जा जा म्हणत होता. त्याला म्हटलं, थांब रे गड्या.

"मार," मी विहिणीला म्हटलं. "पण मधलं अक्षर नीट म्हण."